ओखामंडळच्या किनाऱ्यावरचा जमाखर्च

बडोद्यातील जुन्या मराठी घरांना ओखामंडळ हे नाव नवे नाही. ज्यांचे आजे-पणजे गायकवाडी नोकरीत होते त्यांच्यापैकी एखाद्याची बदली कधी ना कधी तिकडे झालेली असतेच, आणि तिची कथाही घरात ऐकलेली असते. पाणी मचूळ, वारा खारा, भाजीपाल्याची वानवा आणि वर १८५७ नंतरच्या दशकात जोधा माणेक व मुळू माणेक यांनी गाजविलेल्या वाघेरांच्या बंडाच्या गोष्टी. एवढ्या साऱ्यावर उतारा एकच, तो म्हणजे द्वारकाधीशाचे दर्शन! बायकामाणसांनी तेवढ्यावर समाधान मानावे आणि पुरुषांनी दप्तर सांभाळावे, असा एकंदर प्रकार होता.

मात्र त्या कोपऱ्याची आठवण राजधानीला नव्हती असे कोणी समजू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी सिलोनच्या मोत्यांच्या व्यवसायाचे जाणकार जेम्स हॉर्नेल यांच्याकडून ओखामंडळच्या सागरी जीवसृष्टीची पाहणी करविण्यात आली आणि तिच्या अहवालाचे दोन भाग १९०९ व १९१६ साली प्रसिद्ध झाले. शंख, शिंपले, किडे, खेकडे या ज्या वस्तू सामान्य माणूस पायाखाली तुडवून पुढे जातो, त्यांची सरकारी खर्चाने मोजदाद झाली. पुढे १९२६ साली ओखा बंदर सुरू झाले, १९३९ साली मिठापूरला टाटांचा रसायनांचा कारखाना आला आणि १९४९ साली संस्थानच मुंबई राज्यात विलीन झाले. तेव्हापासून आपला आणि ओखामंडळाचा संबंध यात्रेपुरता उरला आहे. गाडीतून उतरावे, द्वारका करावी, बेट करावे आणि प्रसादाचा पुडा घेऊन परत फिरावे.

या जानेवारीच्या यात्रेकरूंत माझी गणना करता येणार नाही. १७ जानेवारी २०२५ हा सबंध दिवस मी नऊ तरुण मुलामुलींबरोबर तिथल्या चिखलाकाठी काढला, आणि तो पाखरे मोजण्यात काढला. मुले आमच्याच ओळखीच्या घरांतली. कोणी विज्ञान शाखेत, कोणी वाणिज्यात, एक स्थापत्य अभियंता होऊ घातलेला, तर एक मुलगी चित्रकला शिकणारी. दर जानेवारीत आशिया खंडातील अनेक देशांत पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालत आली आहे आणि तिचे काम बव्हंशी हौशी माणसेच करतात. या मुलांनी त्यात आपला वाटा उचलायचे ठरविले. बरोबर कोणी वडीलधारे असावे, अशी त्यांच्या आयांची अट पडली आणि निवृत्त माणूस म्हणून त्या जागी माझी नेमणूक झाली.

दिवस ठरविताना मोठी मौज आली. मुलांनी आपापल्या फोनवर भरती-ओहोटीचे तक्ते काढले. मी भिंतीवरचे पंचांग काढले. कोकणातील दर्यावर्दी माणसांचा जुना ठोकताळा असा आहे की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. पौष वद्य चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती असेल तर त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी पुरी होणार. हा हिशेब मुंबईकडचा आहे. प्रत्येक बंदराची वेळ थोडी पुढेमागे असते, म्हणून शेवटचा शब्द तक्त्याचाच. तरी दोन्हींचा मेळ बऱ्यापैकी बसलेला पाहून मुले चकित झाली. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि पाणीही तेवढेच मागे सरते, हे पुस्तकात वाचलेले त्यांना एकदम समजले. त्या दिवशी संकष्टी आहे ही गोष्ट मात्र पंचांगानेच सांगितली. चित्रकलेच्या मुलीचा उपास होता. तिने शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले, आणि बाकीच्यांनी संक्रांतीच्या उरलेल्या तिळगुळाचा डबा.

थंडीत ओख्याला सूर्य उशिरा उगवतो. साडेसातला जेमतेम तांबडे फुटून किरणे पाण्यावर आली, तेव्हा आम्ही आखाताकडच्या अंगाला कोरड्या वाळूवर उभे होतो. संरक्षित सागरी उद्यानाचा भाग परवान्याखेरीज तुडवायचा नाही आणि जिथे कोणालाही जाता येते तिथूनच पाहायचे, हा पहिला नियम. पाणी अजून उतरत होते. कच्छचे आखात आत कांडल्याकडे निमुळते होत जाते, तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. त्या मानाने ओख्याजवळ ती बरीच कमी आहे. तरीसुद्धा तासाभरात आमच्यासमोरून जी जमीन उघडी पडली, तिच्यावर एखादी वसाहत सहज वसली असती. आधी ओल्या वाळूची पट्टी, मग करड्या चिखलाचा विस्तार, मधूनमधून शेवाळलेले खडक आणि शेवटी चकाकणारी पाण्याची रेघ.

त्या रेघेच्या मागोमाग पाखरे खाली उतरली. प्रथम दिसले ते ठिपके. दुर्बिणीतून पाहताच ठिपक्यांना पाय फुटले, चोची फुटल्या, आणि प्रत्येकाचा धंदा निराळा दिसू लागला. कोरल पक्ष्याची चोच खाली वळलेली आणि वीतभर नसली तरी तिच्या जवळपास जाणारी. ती तो मुळापर्यंत चिखलात खुपसून खोल बिळातला किडा ओढून काढतो. पाणटिवळ्याची चोच सरळ, थोडी आखूड; तो त्याच्या वरच्या थरात धुंडाळतो. चिखल्याची चोच अगदी तोकडी. तो चार पावले धावतो, थबकतो आणि पृष्ठभागावर काही हलले की टिपतो. कालवफोड्या आपल्या लाल चोचीने शिंपले उघडतो. एकाच ताटात पाच जण जेवायला बसावेत आणि कोणाचा हात कोणाला लागू नये, तशी ही पंगत! वाणिज्याचा विद्यार्थी म्हणाला, "काका, हे तर एकाच पेढीवरचे निरनिराळे खाते झाले." मला ती उपमा पसंत पडली.

नऊच्या सुमारास ज्या पाखराची मुले वाट पाहत होती ते आले. इंग्रजीत त्याला क्रॅब प्लव्हर म्हणतात. अंग पांढरेशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, पाय उंच आणि चोच काळी, जाड, सुऱ्यासारखी. आपल्या मराठीतला 'अबलख' हा घोड्याचा शब्द त्याला चपखल बसतो. हा खेकड्यांवर जगतो. अरबस्तान, इराण आणि आफ्रिकेची तांबड्या समुद्राकडील किनारपट्टी इकडे हा वीण करतो, आणि तीही वाळूत बीळ खणून. आत एकच पांढरे अंडे. उन्हाने तापलेल्या वाळूची ऊब त्या अंड्याला पुष्कळशी पुरते, म्हणून आईबापांना सतत बसून राहावे लागत नाही. हिवाळ्यात ते कच्छच्या आखाताकडे येतात आणि वाढलेले पोर अजून आईबापांच्या मागे खाऊ मागत फिरताना दिसते. आमच्यासमोरही एक करड्या पाठीचे पिल्लू अंगाने पुरते वाढलेले असून मान वाकवून किरकिरत होते, आणि मोठा पक्षी खेकड्याचे पाय झटकून टाकून धड त्याच्यापुढे ठेवीत होता. मुली हसू लागल्या. एकीने आपल्या भावाचे नाव घेतले.

मोजणी सुरू झाली. दोघांनी स्वतंत्र मोजायचे, एकमेकांचा आकडा शेवटपर्यंत विचारायचा नाही, आणि तिसऱ्याने दोन्ही आकडे वहीत लिहायचे. मोठे पक्षी सोपे गेले. खरी पंचाईत केली ती टिलव्यांनी. हा पक्षी वजनाने सुमारे दोन तोळे. उत्तर ध्रुवाकडच्या उजाड मुलखात अंडी घालतो आणि दोन तोळ्यांचा तो जीव हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. त्याच्यासारखेच दिसणारे आणखी चार-पाच प्रकार. उन्हाची तिरीप, वाळूवरची वाफ आणि पाखराची अखंड पळापळ यांत एक मुलगा ओरडला, "हा वेगळा आहे! दुर्मिळ आहे!" आणि त्याने एक नाव सांगितले. लिहिणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "पाय पाहिलेस? चोचीचे टोक?" तो गप्प. तिने वहीत लिहिले, 'लहान टिलवे, जात अनिश्चित'. मुलगा हिरमुसला. मी त्याला एवढेच म्हणालो की, आपल्या पणजोबांच्या दप्तरात हीच चाल होती. जी रक्कम डोळ्यांनी पाहिली नाही ती जमेस धरायची नाही, आणि पेटीत काही नसेल तर शून्यही लिहायचे. कोऱ्या जागेचा अर्थ पुढचा माणूस वाटेल तो लावतो.

यावर आमच्या भावी अभियंत्याने मनातले बोलून टाकले. "काका, रागावू नका. पण या चिखलाचा उपयोग काय? इथे बांध घातला, भराव टाकला, तर धक्का होईल, गोदामे होतील. पाखरांना पंख आहेत. ती दुसरीकडे जातील." प्रश्न खोडसाळ नव्हता. शेतसाऱ्याच्या नजरेनेही ही जमीन पडीकच. पीक नाही, वस्ती नाही, आणि दिवसातून दोनदा ती बुडते.

त्याला उत्तर मी दिले नाही, विज्ञानाच्या मुलीने दिले. दक्षिण कोरियात सेमांगम नावाच्या ठिकाणी दोन नद्यांच्या मुखाशी असाच विस्तीर्ण चिखलपट्टा होता. तिथे तेहतीस किलोमीटर लांबीचा सागरी बांध घालण्यात आला आणि २००६ साली त्याचे तोंड बंद झाले. सैबेरियात वीण करून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे ग्रेट नॉट नावाचे पक्षी तिथे हजारोंनी विसाव्याला उतरत. त्यांचेही हेच गणित मांडले गेले होते की शेजारच्या किनाऱ्यावर जातील. पक्षी मोजणाऱ्यांनी २००६ ते २००८ अशी तीन वर्षे तो पट्टा आणि शेजारचे किनारे पाहिले. तिथून नाहीसे झालेले पक्षी शेजारी वाढलेले दिसले नाहीत. तिकडे ऑस्ट्रेलियातही त्यांची संख्या घटली. शेजारचे ताट आधीच भरलेले असते. त्यावर आणखी पाने मांडता येत नाहीत. २०१५ साली हा पक्षी जगातील संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. त्याच कोरियाच्या इतर चिखलपट्ट्यांना पुढे २०२१ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आपल्या आखातातही ग्रेट नॉट थोड्या संख्येने येतो.

"पण हे कळले कसे?" तिने त्यालाच विचारले. "कोणीतरी आधी मोजून ठेवले होते म्हणून. आधीचा आकडा नसता तर कंत्राटदार म्हणाला असता, इथे कधी पाखरे नव्हतीच." मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "धक्का बांधायचाच झाला तर कुठे बांधला म्हणजे नुकसान कमी, हे या वहीवरून सांगता येईल का?" मला वाटते, त्या दिवसातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. बंदरे लागतातच. ओख्याचे बंदर आपल्याच संस्थानाने केले. परंतु कुठे काय आहे याची वही हाताशी असली तर बांधणाऱ्याला निदान विचार करावा लागतो.

पाणी वळण्याची वेळ झाली. जवळच होडीच्या बुडाला रंग देत असलेला एक म्हातारा खलाशी आभाळाकडे न पाहता म्हणाला, "हवे पाणी वळशे." आम्ही घड्याळे पाहिली. त्याने पाहिले नव्हते. चिखलातील घळींतून पाणी परत चढू लागले तशी पाखरे आमच्या दिशेने सरकू लागली. एका मुलाला फोटोचा मोह झाला आणि तो चार पावले पुढे गेला. कालवफोड्यांनी एकदम माना वर केल्या. "थांब!" असे तीन आवाज आले. पाखराने खाणे सोडून मान वर केली की आपण थांबायचे, हा दुसरा नियम. त्याला उडविले तर त्याची साठवलेली चरबी खर्च होते, आणि ती त्याची परतीच्या प्रवासाची शिदोरी आहे. पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचा प्रवास अकरा दिवसांत, कुठेही न उतरता केला. वय सुमारे पाच महिने! आपल्याकडे येणाऱ्यांची वाट निराळी आणि जवळची आहे. तरी ज्याला हे ठाऊक झाले तो पाखराला उगाच उडविणार नाही.

धक्क्याकडे मात्र उलट प्रकार दिसला. बेटावर जायला पूर्वी होडीखेरीज मार्ग नव्हता. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून गाडीनेही जाता येते. होडीतल्या यात्रेकरूंनी कुरव पक्ष्यांना गाठिये टाकावेत आणि त्यांनी ते वरच्या वर झेलावेत, ही इथली जुनी करमणूक. देणाऱ्याचा भाव पुण्याचा असतो हे खरे. पण तळलेल्या, खारट पिठाने समुद्रपक्ष्याचे पोट कसे चालावे? मुलांनी कोणाला उपदेश केला नाही. एका लहान मुलीच्या हातात दुर्बीण दिली, एवढेच. ती पाहण्यात इतकी रमली की तिचा गाठियांचा पुडा तिच्या बापानेच खाऊन टाकला.

दुपारी भरतीच्या वेळी आम्ही चरकल्याच्या मिठागरांकडे गेलो आणि रस्त्याच्या कडेनेच पाहणी केली. किनारे पाण्याखाली गेले की उथळ पाण्याच्या अशा जागा पाखरांना विसाव्याला उपयोगी पडतात. समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात, तसतसे ते आटून अधिक खारे होते. अशा खाऱ्या पाण्यात बारीक कोळंबीसारखे जीव आणि शेवाळ माजते, आणि त्यावर रोहित पक्षी जमतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळीत चालले होते. त्या खाद्यातल्या रंगद्रव्यानेच त्यांचे पंख गुलाबी होतात. हा गुजरातचा राज्यपक्षी. गुजरातीत त्याला सुरखाब म्हणतात. हिंदीत मात्र सुरखाब म्हणजे आपला चक्रवाक! आमच्या वहीत म्हणून तीन रकाने होते, मराठी, गुजराती आणि इंग्रजी. दोन भाषांत वाढलेल्या बडोदेकर मुलांखेरीज ही वही कोणी भरावी?

रोहितांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, दहांनी किती जागा व्यापली ती नजरेत धरायची, तशा दहा जागा म्हणजे शंभर, आणि मग शंभराच्या मापाने सबंध थवा मोजीत जायचे. दोघांचे आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजले, फरक कमी झाला, पण उरलाच. वहीत दोन्ही आकडे लिहिले गेले आणि मधल्यावर कोणी बोट ठेवले नाही.

रात्री धर्मशाळेच्या अंगणात बेरजा चालल्या होत्या. साडेनऊ वाजून गेल्यावर चंद्र वर आला. उपासाच्या मुलीने नमस्कार करून ताट पुढे ओढले आणि म्हणाली, "हाच सकाळी पाणी ओढून नेत होता ना?" कोणी हसले नाही. एरवी टिंगल करणारी मुले तीच होती.

मला या दिवसाबद्दल वाचकांपुढे एवढेच मांडायचे आहे. आपली घरे या शहरात लेखणीच्या बळावर स्थिरावली. फडणीस, दप्तरदार, कारकून, मुन्सफ ही आपली आडनावे आणि आपले धंदे. त्या लेखणीने गावांची, शेतांची, विहिरींची मोजदाद केली आणि एका जाणत्या राजाच्या सांगण्यावरून समुद्रातल्या शिंपल्यांचीही झाली. आज ते राज्य नाही, तो हुकूम देणारे कोणी नाही. भरती आणि ओहोटी यांमधली जमीन अजूनही बहुतेक कागदांत पडीकच आहे, आणि तिच्यावर जगणाऱ्यांना अर्ज करता येत नाही. त्यांच्या वतीने बोलायला एकच पुरावा चालतो, तो म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी, एकाच महिन्यात, खोटी भर न घालता ठेवलेली वही.

ही वही एका वर्षाने सिद्ध होत नाही. दहा वर्षांनी तिला थोडा अर्थ येतो आणि तीस वर्षांनी ती कोणालाही डावलता येत नाही. मुलांची शिक्षणे संपतील, नोकऱ्या लागतील, ती पुण्या-मुंबईला किंवा परदेशी जातील. म्हणून दरवर्षी दोन-तीन नवी मुले तयार करायची असे त्यांनी आपसात ठरविले आहे. ज्यांच्या घरी अठरा-वीस वर्षांचे कोणी रिकाम्या सुट्टीने कंटाळले असेल, त्यांनी त्याच्या हाती एक कोरी वही द्यावी आणि पुढल्या पौषात त्याला किनाऱ्यावर जाऊ द्यावे. पंचांग घरात असेलच. भरतीची वेळ काढायला तेही कामी येते.